अघोरभटाला मरण येईना

माणसं मारायला कृष्णनाथ शेट्ये कधी कचरला नाही. गोव्यात डिचोलीच्या बाजारात त्याचं झेरॉक्सचं दुकान. त्यामागच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहा ते एक, गेली सत्तावीस वर्षं तो माणसं मारत आला होता. कोणाला भाल्यांच्या खड्ड्यात, कोणाला छतावरून गळणाऱ्या हिरव्या चिकट्यात, कोणाला नुसतं दार उघडलं म्हणून. मेलेला माणूस समोरच बसून पातळ भाजी-पाव खात असे. कृष्णनाथ त्याच्यापुढे कोरा कागद सरकवत म्हणे, "चल, दुसरा बनव."

खेळ तसा साधा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण खेळ चालवतो आणि समोर काय दिसतंय ते सांगतो: अंधारं भुयार, ओली भिंत, उजवीकडे दार. बाकीचे एकेक माणूस कल्पून त्याच्या वतीने बोलतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. "मी दार ढकलतो," असं कोणी म्हटलं की वीस बाजूंचा फासा पडतो. दार उघडतं की उघडणाऱ्याचाच कारभार आटोपतो, हे तो फासा ठरवतो.

कृष्णनाथला हा खेळ मिळाला तो पाळी गावच्या खाणीवर. तो तेव्हा तिथे सर्व्हे खात्यात होता, दुकान हा जोडधंदा. बेंगळुरूहून आलेला एक इंजिनियर नोकरी सोडून जाताना एका जाड पुस्तकाची झेरॉक्स आणि फाशांची पिशवी त्याच्या टेबलावर ठेवून गेला. पुस्तकातलं निम्मं इंग्रजी कृष्णनाथला कळलं नाही. ते निम्मं त्याने स्वतः रचलं आणि तेच मूळचं आहे अशी त्याची पुढे ठाम समजूत झाली. खाणीचा आलेखाचा कागद फुकट मिळत होता. त्यावर त्याने अशी भुयारं आखली की खाणीच्या मालकांनाही एवढं खणायची छाती झाली नसती. पहिल्याच वर्षी फासे खेळतात म्हणून कोणीतरी तक्रार केली आणि एक हवालदार बघायला आला. जत्रेतला जुगार असेल असं त्याला वाटलं होतं. त्याला बसवून घेतलं, हातात कागद दिला. बिचारा दुसऱ्याच खोलीत मेला आणि परत कधी फिरकला नाही.

"माझ्या मेजावर फासा खोटं बोलत नाही," हे कृष्णनाथचं ठरलेलं वाक्य. मात्र फासा तो एका उभ्या केलेल्या फायलीआड टाकायचा. सर्व्हे खात्याची जाड पुठ्ठ्याची निळी फाईल होती ती. खेळ चालवणाऱ्याचे नकाशे खेळाडूंना दिसू नयेत, हा त्यामागचा नियम.

त्याचे मुरलेले खेळाडू दोन. पहिला मधुकर, शाळेतला क्लार्क. त्याचे एकतीस योद्धे आजवर मेले होते. नवीन नाव शोधायचा कंटाळा म्हणून त्याने सगळ्यांचं नाव शूरसेन ठेवलं होतं, राजघराण्यासारखे नुसते आकडे बदलायचे. दुसरा साखळी गावचा गुरुदास. पूर्वी त्याचा खनिज वाहणारा स्वतःचा ट्रक होता, आता तो शाळेची बस चालवायचा. गुरुदासचा जादूगार अघोरभट बावीस वर्षं जिवंत होता. कृष्णनाथच्या मेजावर बावीस वर्षं जगणं म्हणजे काय, ते मधुकरला विचारावं. अघोरभटाला ड्रॅगन खाऊ शकला नाही, विष बाधलं नाही, एकदा तर अख्खा डोंगर अंगावर कोसळला, तरी हा टोपी झटकून उभा.

आणि आता लागोपाठ तिसऱ्या रविवारी गुरुदासची खुर्ची रिकामी होती.

"बस बिघडली असेल," कृष्णनाथ म्हणाला.

मधुकर पावाचा तुकडा भाजीत बराच वेळ बुडवत राहिला. "तुला कोणी सांगितलं नाही वाटतं. तो सिद्धीकडे खेळतो. शनिवारी."

सिद्धी म्हणजे गुरुदासची मुलगी. पुण्याच्या एका कंपनीचं काम साखळीच्या घरी बसून करायची. पुण्यातून येताना ती हाच खेळ घेऊन आली होती. पण म्हणे हाच नव्हे, नवीन पद्धतीचा. त्यात लोक वेगवेगळे आवाज काढतात, पात्राचं बालपण लिहून आणतात आणि रडतात, हे कृष्णनाथच्या कानावर होतं. त्यात कोणी मरत नाही, हेही.

"अघोरभटाला घेऊन गेला?"

"कागदासकट."

कृष्णनाथने त्या दिवशी शूरसेन बत्तिसावा दाराशी पोचताच संपवला. मधुकरने दार उघडलंसुद्धा नव्हतं.

पुढच्या शनिवारी चार वाजता तो स्कूटर काढून साखळीला गेला. बघायला म्हणून नाही, तर त्या पोरखेळाचा पंचनामा करायला. सिद्धीने दारातच हसून स्वागत केलं. "या काका! पपा म्हणालेच होते, एक ना एक दिवस तुम्ही येणार."

माडीवर गोल मेज होतं. त्यावर जरीचं कापड, विजेवर चालणाऱ्या मेणबत्त्या, कुठूनतरी धबधब्याचा आवाज. पणजीच्या बँकेत काम करणारा गौरेश डोक्याला सोनेरी पट्टी बांधून बसला होता. त्याचं पात्र म्हणजे आईने टाकलेला राजपुत्र. त्या टाकण्याचा वृत्तांत त्याने सात पानं टाइप करून आणला होता. शेजारी औषधांच्या दुकानातली अश्विनी, कोल्ह्याच्या कानांची वैदू. कान तिने खरेच लावले होते. आणि पलीकडे गुरुदास. त्याने मित्राकडे बघून मान हलवली आणि परत चहात बिस्किट बुडवलं.

सिद्धीने कृष्णनाथपुढे एक छापील कागद ठेवला. "हे मर्यादापत्रक, काका. खेळात कुठला विषय आलेला तुम्हाला चालणार नाही ते लिहायचं. कोळी, बुडणं, घरातल्या कोणाचा मृत्यू, काहीही. आणि मधलं हे लाल कार्ड. कधीही त्रास झाला की त्यावर हात ठेवायचा. खेळ तिथेच थांबतो, कोणी वाद घालत नाही."

कृष्णनाथने लिहिलं: फालतू प्रश्न.

मग पात्राचा कागद. नाव? सैनिक. पूर्वेतिहास? नाही. तुमच्या पात्राला कशाची भीती वाटते? कशाचीच नाही. तुमचं पात्र झोपताना कोणाची आठवण काढतं? इथे कृष्णनाथने पेन खाली ठेवलं. "गो सिद्धी, हा लग्नाचा बायोडाटा आहे की काय?"

"सुचेल तेव्हा भरा," सिद्धी गोड आवाजात म्हणाली, आणि खेळ सुरू झाला.

पहिला तासभर ते एका सरायीत बसून होते. म्हणजे खरी माणसं माडीवर आणि त्यांची पात्रं सरायीत, आणि दोघांनीही काही केलं नाही. राजपुत्राने सरायवालीला आईबद्दल सांगितलं. सरायवालीने, म्हणजे बारीक आवाजात सिद्धीने, त्याला स्वतःच्या आईबद्दल सांगितलं. वैदूने दोघांना मिठी मारली. कृष्णनाथच्या सैनिकाने तेवढ्या वेळात दहा फुटी काठीने सरायीची सगळी जमीन ठोकून बघितली. पोकळ कुठेच नव्हती.

"भुयार कुठे आहे?" त्याने शेवटी विचारलं.

"काका, या कथेत भुयार आतलं आहे."

"कशाच्या आतलं?"

"माणसाच्या."

गौरेशने यावर डोळे मिटून मान डोलावली आणि राजपुत्राचं एक विरहगीत सुरू केलं, स्वतः रचलेलं. दुसऱ्या कडव्याला कृष्णनाथने लाल कार्डावर पंजा ठेवला.

धबधबा थांबला. सिद्धी काळजीने पुढे झुकली. "काका, कशाचा त्रास होतोय?"

"गाण्याचा."

नियम तो नियम. वाद घालायचा नव्हता. गौरेशने सोनेरी पट्टी सारखी केली आणि पुढची वीस मिनिटं राजपुत्र मुका बसला. गुरुदासला ठसका लागला, तो चहाचा नव्हता.

मग कृष्णनाथने ठरवलं की एकदा मरून दाखवायचं, म्हणजे या लोकांना खेळ म्हणजे काय ते तरी कळेल. सैनिक एकटाच राजाच्या वीस पहारेकऱ्यांवर धावून गेला. त्याच्या स्वतःच्या मेजावर अशा माणसाला चहा संपायच्या आत कोरा कागद मिळाला असता. इथे पहारेकऱ्यांनी त्याला पकडलं, गोणपाटावर बसवलं, आणि त्यांचा म्हातारा नायक हळूच म्हणाला, "पोरा, तुला कोणी इतकं दुखावलं?"

अश्विनीचे डोळे भरून आले. तिने मेजावरून हात पुढे करून कृष्णनाथचा हात धरला. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात त्याला इतकं अवघडल्यासारखं कधी झालं नव्हतं.

"हा खेळ नव्हे, नाटक आहे," तो हात सोडवत म्हणाला.

"असूं दे मरे," गुरुदास पहिल्यांदाच बोलला. "पेडण्याला जत्रेत दशावतार बघायला पहिल्या रांगेत बसतोस ना तू? त्यांच्याकडे लिहिलेली भाषणं असतात काय? राजा उभा राहतो आणि सुचेल ते बोलतो. तिथे तुला चालतं."

"तिथे राक्षस मरतो तरी."

पुढे खेळ सरायीतून एकदाचा बाहेर पडला. दरीवर दोरांचा पूल होता आणि मागून एक महाकाय दैत्य येत होता. कृष्णनाथ नकळत खुर्चीत पुढे सरकला. पोरगी दैत्य बरा रंगवत होती, हे त्याने मनातल्या मनातसुद्धा अर्धवटच कबूल केलं. पूल तुटायला आला. कोणीतरी मागे थांबून दैत्याला अडवलं तरच बाकीचे पार होणार होते.

"अघोरभट थांबतो," गुरुदास म्हणाला.

सिद्धीने आपला सगळा सराईतपणा बाजूला ठेवून साध्या आवाजात विचारलं, "पपा, काय हवंय? जखमी होऊन वाचू शकतो तो. वाहत जाऊन पुढे कुठेतरी सापडू शकतो. तुम्ही म्हणाल तसं करू."

"फासा टाक. मधोमध. सगळ्यांना दिसेल असा."

सिद्धीने कागदांतून वडिलांचं मर्यादापत्रक काढून समोर धरलं. त्यावर एकच ओळ होती: माझ्यावर दया करू नये.

"अकरा किंवा वर पडला तर वाचला," ती म्हणाली आणि तिने फासा टाकला. तो जरीच्या कापडावर दोनदा उडाला आणि थांबला. चार.

"अघोरभट गेला," सिद्धी म्हणाली. उशिरा आलेल्या बसची वेळ सांगावी इतक्या सरळ आवाजात.

"परत टाक!" कृष्णनाथ ओरडला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"जरीचं कापड आहे खाली. जरीत अडकला फासा. तिरका पडलाय."

"सरळ पडलाय काका."

"बावीस वर्षांचा माणूस आहे तो! असा एका फाशात... तुमच्यात कोणी मरत नाही ना? मग?"

"कोणाला नको असेल तर मरत नाही," सिद्धी म्हणाली. "पपांना चालत होतं."

आणि मग कृष्णनाथ शेट्येने जे केलं ते त्याच्या मेजावर कोणी सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्याला हाकलून दिलं असतं. त्याने लाल कार्डावर हात ठेवला. दोन्ही हात.

सिद्धीने नियमाप्रमाणे विचारलं, "काका, कशाचा त्रास होतोय?"

त्याने फाशाकडे बघितलं, मग गुरुदासकडे.

"हात काढ, नाथा," गुरुदास शांतपणे म्हणाला.

त्याने हात काढले. गुरुदासने अघोरभटाचं शेवटचं भाषण केलं, चांगलं पाच मिनिटं. दैत्याला शिव्या, देवाला शिव्या, एक मंत्र, आणि मग दरीत. गौरेश उघड उघड रडला. गुरुदास मात्र हलका होऊन उठला आणि दोघांसाठी चहा घेऊन बाहेर जिन्यावर आला. कृष्णनाथ आधीच तिथे चपला घालत होता.

"बस," गुरुदास म्हणाला. "तुझ्या पाठीमागे काचेचं कपाट आहे ना खोलीत? झेरॉक्सचे कागद ठेवतोस ते."

"आहे. त्याचं काय?"

"माझी खुर्ची बरोबर समोर. फायलीआडचा फासा मला काचेत दिसतो. उलटा दिसतो, पण विसात आणि तिनात फरक कळतो."

कृष्णनाथच्या हातातली चप्पल हातातच राहिली.

"पहिली दहा वर्षं तू प्रामाणिक होतास," गुरुदास सांगत राहिला. "मग खाणी बंद पडल्या. बारा साली. मी ट्रक विकला आणि त्याच रविवारी अघोरभटावर डोंगर कोसळला. तुला दोन पडले होते. तू म्हणालास, सतरा. मला वाटलं, असूं दे, एकदा केलं. पण पुढे तू थांबलाच नाहीस. विषाच्या वेळी एक. ड्रॅगनच्या वेळी पाच. बारा वर्षं, नाथा."

"तुझा ट्रक गेला होता."

"ट्रक गेला तो गेला. बायको रडली, मी रडलो, मग बस चालवायला लागलो. आणि तू त्या ट्रकची भरपाई मला जादूगारात देत होतास? मी दर रविवारी यायचो, पुढे काय होणार ते मला ठाऊक असायचं, आणि तू वर डोळे वटारून म्हणायचास, माझ्या मेजावर फासा खोटं बोलत नाही. मला हसू यायचं. मग हळूहळू यायचं बंद झालं. भुयारात शिरायचं आणि भीतीच वाटायची नाही, ह्याला काय खेळ म्हणायचं?"

"आधी बोलायचं होतंस."

"काय बोलणार? माझ्या माणसाला मारत जा म्हणून?"

आतून अश्विनीच्या रडण्याचा आणि सिद्धी तिची समजूत घालत असल्याचा आवाज येत होता. कृष्णनाथ चहा न पिताच उठला. उतरताना त्याला वाटलं की काहीतरी बोलायला हवं, पण जे सुचलं ते मर्यादापत्रकावर लिहिण्यासारखं होतं, म्हणून त्याने स्कूटर चालू केली.

रविवारी त्याने मधुकरला सगळं सांगितलं. आधी ठरवलं होतं, सांगायचं नाही. पण मधुकरने शूरसेन तेहेतिसाव्याचा कागद इतक्या भाबडेपणाने पुढे केला की राहवेना.

मधुकरने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "आणि माझे?"

"तुझे काय?"

"बत्तीस शूरसेन. ते?"

"ते खरे मेले," कृष्णनाथ म्हणाला. एवढी एक गोष्ट तरी अभिमानाने सांगता येत होती. "तुझ्या बाबतीत मी एकदाही फासा बदलला नाही."

"एकदाही?"

"शपथ."

मधुकरचा चेहरा लाल झाला. "सत्तावीस वर्षांत माझ्यावर दया यावी असं काही झालंच नाही?"

"तुझी नोकरी पक्की होती."

"नव्याण्णव साली मला मुतखडा झाला होता!"

"मला ठाऊक नव्हतं."

"तू विचारलंस कधी? तीन तास बसायचो इथे, तू एवढंच विचारायचास, छताकडे बघितलंस काय, नाही, मग मेलास!" मधुकर उठला, त्याने निळी फाईल उचलली आणि झेरॉक्सच्या रद्दीत टाकली. मग परत येऊन बसला आणि कागद पुढे ओढला. "आता टाक. उघड्यावर."

कृष्णनाथने टाकला. शूरसेन तेहेतिसावा तीन खोल्या जगला आणि चौथीत मेला. मधुकर म्हणाला की निदान आता तरी बघून मेला, आणि दुसरा कागद मागितला.

यानंतर दोन्ही मेजं एक झाली, सगळे गुण्यागोविंदाने नांदू लागले, असं काही झालं नाही. कृष्णनाथ अजूनही सांगतो की साखळीला माडीवर जे चालतं ते भजनी मंडळ आहे, फक्त देव नाही. सिद्धी एका रविवारी डिचोलीला येऊन गेली. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा मेली आणि जाताना म्हणाली, "काका, हा खेळ म्हणजे सरकारी कार्यालय आहे. चुकीच्या खिडकीवर गेलं की संपलं." पण पुढच्या रविवारी ती परत आली, आणि येताना गौरेशला घेऊन आली. गौरेशला सात पानांपैकी चार ओळी वाचायची परवानगी मिळाली. पाचव्या ओळीला त्याच्या पायाखालची फरशी सरकली.

गुरुदास आला तो महिन्याभराने. कागदावर एक चोर, नाव नुसतं "चोर". कृष्णनाथने फासा मेजाच्या मधोमध टाकला. एक पडला. त्याचा हात त्या फाशाकडे जरासा सरकला आणि थांबला. गुरुदास बघत होता, मधुकरही.

"खड्डा," कृष्णनाथ म्हणाला. "खाली भाले."

"मेलो?"

"मेलास."

गुरुदास इतक्या मोठ्याने हसला की दुकानात झेरॉक्स काढायला आलेली बाई आत डोकावली. कृष्णनाथला मात्र पुढे खेळ चालवता येईना. दोन खोल्यांतली अंतरं चुकली, नकाशा उलटा धरला, आणि साडेबाराला त्याने मंडळी उठवली. गुरुदासला तो जेवायला घरी घेऊन आला.

सुमंगलाने, त्याच्या बायकोने, नवऱ्याचा चेहरा बघितला आणि सुंगटांच्या हुमणाचं, कोळंबीच्या कालवणाचं, भांडं ओट्यावर ठेवलं. "काय झालं? असे का दिसताय?"

"गुरुदास मेला," कृष्णनाथ म्हणाला.

"अरे देवा! कधी?"

"सव्वाअकराला. खड्ड्यात पडून."

सुमंगला मटकन खुर्चीवर बसली. डोळ्याला पदर लावतच होती, तेवढ्यात न्हाणीघराकडून पाय धुतल्याचा आवाज आला आणि गुरुदास ओल्या हाताने दारात उभा राहिला. "वहिनी, टॉवेल कुठे आहे?"

पुढचं संपूर्ण जेवण ती दोघांशी एक शब्द बोलली नाही. हुमण मात्र तिने गुरुदासला तीनदा वाढलं, आणि नवऱ्याला मागितल्यावर.